तीन जिन्नस सांगितले की दोनच येतात : डोपामिन, वर्किंग मेमरी आणि स्किझोफ्रेनिया

कातळसडा (देवगड)

नमस्कार मंडळी.

स्किझोफ्रेनियावर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक भास आणि संशय यांच्याभोवती फिरतं. कानात आवाज येणं, शेजारी पाळत ठेवतात असं वाटणं, रात्ररात्र जागरण. ते महत्त्वाचं आहेच. पण ज्या घरात हा आजार मुक्कामाला आलेला असतो तिथे विचारा. औषधांनी आवाज थांबले की मागे जे उरतं, त्याबद्दल ती माणसं बोलतील. त्यावर बोलायला हा धागा काढतोय.

माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. आवाज थांबून बराच काळ लोटला. झोप नीट, जेवण नीट, बोलणं शांत. आंब्याच्या हंगामात घरच्या पॅकिंगला तो आमच्याबरोबर बसतो. पाच डझनी पेटी म्हणजे साठ फळं. तळाला पेंढा, त्यावर थर, मध्ये पुन्हा पेंढा. हात चालवता चालवता किती झाले ते डोक्यात ठेवायचं आणि डागी फळ बाजूला काढायचं. डागी फळ त्याच्या बोटांना आमच्या आधी कळतं. पण बावीस-तेवीसवर कुणी "चहा घेतोस काय रे?" म्हणून हाक मारली की आकडा गेला. मग पेटी रिकामी करून पहिल्यापासून. दुकानात गूळ, खोबरेल आणि काडेपेटी आणायला सांगितलं तर दोनच वस्तू येतात. तेच पाचवीच्या वर्गात त्याच्या बाकावर कोण कोण बसायचं ते विचारा, सगळी नावं सांगेल.

एकदा तो मला म्हणाला, "दादा, मी विसरत नाही. ते डोक्यात राहतच नाही."

हे आजारामुळे होतं, गोळ्यांमुळे होतं की स्वभावच असा झालाय? इथे मेंदूविज्ञानातली मंडळी आहेत, त्यांनी नीट समजावून सांगावं अशी विनंती.

पिठीभात (कुडाळ)

आमच्या घराकडे तंतोतंत ह्याच. माजो चुलतभाव. बाजारात धाडलो तर अर्धा सामान हाडता. वाडयेत सगळे "गोळये खावन सुस्त झालो, आळशी झालो" म्हणतत. तेका इचारला तर गप रवता. माका पण ह्या जाणून घेवक व्हया.

सुरंगी (मूळ वेंगुर्ला, सध्या पुणे)

कातळसडा, तुमचा भाऊ जे म्हणाला ते शास्त्रीयदृष्ट्या अगदी नेमकं आहे. मी याच विषयाच्या एका प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाचवीतली नावं आठवणं ही वेगळी स्मृती. बावीस झाले, आता तेविसावा, हे हातातलं काम संपेपर्यंत धरून ठेवणं म्हणजे वर्किंग मेमरी. १९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तिची मांडणी केली, त्यावरच आजही बरंचसं काम उभं आहे. तिची मुदत काही सेकंदांची आणि जागा फार थोडी. निरोगी माणसाच्याही डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. मध्ये कुणी हाक मारली की तुमचा-माझाही आकडा चुकतो, मात्र आपण बऱ्याचदा तो परत पकडतो.

हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये चालतं. माकडासमोर दोन खळगे ठेवतात, एकात खाऊ लपवतात, मग काही सेकंद पडदा टाकतात. पडदा उठल्यावर खाऊ कुठे होता ते त्याने आठवून दाखवायचं. १९७१ साली अमेरिकेत होआकिन फुस्टर यांना आणि त्याच वर्षी जपानमध्ये कुबोता आणि निकी यांना दिसलं की पडदा खाली असताना, म्हणजे समोर काहीच दिसत नसताना, या भागातल्या काही पेशी सतत संदेश देत राहतात. पडदा उठून माकडाने उत्तर दिलं की त्या थांबतात. 'डोक्यात धरून ठेवणं' पेशींच्या पातळीवर असं दिसतं. पेशी एकमेकींना जागं ठेवतात.

आता डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. १९७९ साली पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या गटाने माकडांच्या प्रीफ्रंटल भागातलं फक्त डोपामिन नष्ट केलं, बाकीची पेशीरचना जागच्या जागी ठेवली. तरीही तो भाग कापून काढल्यावर माकडं जितकी चुकतात, जवळजवळ तितकीच ती चुकू लागली. डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधं दिल्यावर कामगिरी सुधारली. मला आजही हा प्रयोग थक्क करतो. एका रसायनाची उणीव जवळजवळ अख्खा भाग नसल्यासारखी ठरली.

पण म्हणून जास्त डोपामिन म्हणजे जास्त स्मरण, असं अजिबात नाही. भाताच्या खाचरात पाणी आटलं तर रोप सुकतं आणि तुंबलं तर कुजतं, तसं इथे आहे. डोपामिन पेशीवर ज्या जागी येऊन बसतं त्यांना रिसेप्टर म्हणतात. या भागात डी-१ नावाचे रिसेप्टर बहुसंख्य आहेत. ते बेताचे उद्दीपित झाले तर धरून ठेवलेली गोष्ट स्पष्ट राहते आणि आजूबाजूचा गोंगाट दबतो. उद्दीपन कमी पडलं तर संदेश विरतो आणि अती झालं तर कामाच्या पेशीही गप्प होतात.

स्किझोफ्रेनियात गोची अशी की डोपामिन सगळीकडे एकाच दिशेने बिघडत नाही. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम भागात ते जास्त तयार होतं आणि जास्त सुटतं. भास आणि संशय यांचा संबंध तिथे. प्रीफ्रंटल भागात ते कमी पडतं. २०१५ साली स्लिफस्टीन आणि अबी-दरगाम यांच्या गटाने पेट स्कॅनवर (मेंदूतल्या रसायनांची हालचाल टिपणाऱ्या तपासणीत) दाखवलं की रुग्णांच्या या भागात डोपामिन कमी सुटतं, आणि जितकं कमी सुटतं तितका तो भाग वर्किंग मेमरीच्या कामात कमी जागा होतो. आपल्याकडच्या बहुतेक गोळ्या स्ट्रायटममधल्या डी-२ रिसेप्टरवर बसतात. १९७६ साली टोरोंटोत फिलिप सीमन आणि बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवून दिलं की जे औषध डी-२ ला जितकं घट्ट चिकटतं तितका त्याचा डोस कमी लागतो. म्हणून आवाज थांबतात. कपाळामागची उणीव मात्र तशीच राहते, कारण ती भरून काढणं हे त्या गोळीचं कामच नाही.

कातळसडा

सुरंगीताई, मनापासून आभार. म्हणजे ही गोळ्यांची करणी नाही?

सुरंगी

मुळात नाही. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही ही अडचण सापडते. १९९२ साली सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी माकडांवरच्या प्रयोगासारखीच चाचणी माणसांवर केली. पडद्यावर एक ठिपका क्षणभर दिसतो, नाहीसा होतो, थोड्या वेळाने तो जिथे होता तिथे नजर न्यायची. ठिपका समोर असताना रुग्ण नीट बघत होते. तो आठवून बघायचा झाला की चुकत होते. पुढे त्याच गटाला रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही या कमतरतेची सौम्य छटा दिसली. स्वभाव किंवा आळस असता तर तो असा घराण्यात, तोही निरोगी माणसांत, मोजता आला नसता.

गोळ्यांचा वाटा आहे, पण तो वरचा. २००० साली एका प्रयोगात माकडांना कित्येक महिने हॅलोपेरिडॉल हे डी-२ अडवणारं औषध दिल्यावर त्यांची वर्किंग मेमरी घसरली होती. म्हणून डोस गरजेपुरता असावा, हे डॉक्टरांशी बोलायचं. आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मी ठासून सांगते. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब आला होता. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना.

मु_पो_गुहागर

माझ्या मुलाचं सांगते. घरात कुणी आवाज चढवला की त्याला काही म्हणता काही सुचत नाही. शिमग्यात पालखी अंगणात येते, ढोल वाजतात, तेव्हा साधं "पाट आण" म्हटलं तरी तो दारात उभाच राहतो. लोक म्हणतात हट्टी आहे.

सुरंगी

काकू, यावर थेट प्रयोग झालेला आहे. एमी आर्नस्टेन आणि गोल्डमन-राकिच यांनी १९९८ साली माकडांना मोठा, कर्कश आवाज ऐकवून तीच खळग्यांची परीक्षा घेतली. आवाजाच्या ताणात निरोगी माकडंही चुकू लागली. आणि गंमत म्हणजे डोपामिन अडवणारं औषध आधी दिलं तर चुकत नव्हती. ताणात प्रीफ्रंटल भागात डोपामिनचा लोंढा येतो आणि धरून ठेवण्याचं काम ठप्प होतं. निरोगी जिवाचं हे होतं, मग ज्याचा तोल मुळातच नाजूक आहे त्याच्यावर ओरडून "सांगितलेलं कळत नाही का" म्हटलं तर त्या क्षणी त्याला खरंच काही धरता येत नाही. सतत टीका होत राहणाऱ्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही १९७०च्या दशकापासून वारंवार दिसलंय.

शिमग्यात त्याला पाट आणायला सांगू नका. पालखी यायच्या आधीच पाट मांडून घ्यायला सांगा.

नारळीपोफळी

चर्चा छान चालली आहे. डोपामिन कमी पडतं म्हणताय तर आपल्या गडग्यागडग्यावर पसरलेली खाजकुइली काय कामाची? तिच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, नैसर्गिक डोपा असतो, ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं. शुद्ध केलेल्या कवचबीजाचं चूर्ण दुधातून द्यावं. साइड इफेक्ट शून्य. आमच्याकडे कंपवाताच्या आजोबांना गुण आला होता.

वनौषधी_लांजा

नारळीपोफळी, मी स्वतः वैद्य आहे आणि कवचबीज वापरतो, म्हणून कळकळीने सांगतो. या आजारात ते देऊ नका. कुणालाही सुचवूही नका.

तुम्ही म्हणता ती वस्तुस्थिती बरोबर आहे. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बियांतून एल-डोपा वेगळा काढला. कंपवातात स्ट्रायटममधलं डोपामिन आटलेलं असतं, म्हणून आजोबांना गुण येतो. पण पोटातून दिलेला डोपा फक्त कपाळामागे जाऊन थांबणार नाही. तो स्ट्रायटममध्येही पोचणार, जिथे आधीच जास्त आहे. कंपवाताच्या रुग्णांनासुद्धा एल-डोपाच्या मोठ्या डोसाने भास होतात, हे न्यूरॉलॉजीच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. स्किझोफ्रेनियाच्या माणसाला ते चूर्ण देणं म्हणजे थांबलेले आवाज परत बोलावणं. शिवाय चालू गोळी डोपामिन अडवत असताना तुम्ही खालून डोपामिन वाढवत राहणार, आणि डॉक्टरला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसणार. आपल्याकडे पावडरीच्या डब्यांवर 'डोपामिन वाढवा' असं हल्ली सर्रास लिहिलेलं दिसतं. ज्या घरात हा आजार आहे त्यांनी असा डबा घरात आणू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. डोपामिनचं सगळं शास्त्र ज्या प्रयोगावर उभं राहिलं त्यात आपल्या रानातल्या दोन वनस्पतींची द्रव्यं समोरासमोर आली होती. सर्पगंधेचं मूळ वेडाच्या झटक्यांवर आणि रक्तदाबावर गुणकारी आहे असं १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी छापून प्रसिद्ध केलं. पुढे त्या मुळातून रिसर्पिन वेगळं झालं. रिसर्पिन चेतापेशींतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचला. थोड्याच वेळात ससे उठले, कान उभे, हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हे त्यातून पुढे आलं आणि २००० सालचं नोबेल कार्लसन यांना मिळालं, एरिक कँडेल आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्याबरोबर. कार्लसन यांचा डोपा अर्थात खाजकुइलीतून काढलेला नव्हता, पण द्रव्य तेच. या वनस्पतींचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्या चुकीच्या आजारात वापरल्या गेलेल्या मला बघवत नाहीत.

नारळीपोफळी

वैद्यबुवा, पटलं. माझा सल्ला कुणी अमलात आणू नये.

फार्मसीखिडकी (चिपळूण)

औषधांच्या खिडकीत रोज उभी असते, त्यामुळे एक मुद्दा मला सोडवत नाही. डी-२ अडवणाऱ्या गोळ्यांनी हात थरथरतात, अंग आखडतं, म्हणून सोबत ट्रायहेक्सीफेनिडिलची छोटी गोळी लिहिलेली असते. ती ॲसिटिलकोलिन अडवते आणि ॲसिटिलकोलिन हे स्मरणाचं मोठं रसायन आहे. म्हणजे ज्याची वर्किंग मेमरी आधीच तोकडी, त्याला आणखी एक अडथळा. कित्येकांची मुख्य गोळी मध्यंतरी बदललेली असते, थरथर राहिलेली नसते, तरी ही छोटी गोळी वर्षानुवर्षं कागदावर पुढे उतरत राहते. कुणी मुद्दाम करत नाही. गर्दी असते, नातेवाईक "तेच द्या" म्हणतात, आणि तेच दिलं जातं. पुढच्या खेपेला एवढंच विचारा, "ही अजून लागते का?" डॉक्टरांना वाटलं तर ते हळूहळू कमी करतील. एकदम बंद केली तर त्रास होतो, तेव्हा घरी प्रयोग नकोत.

आणि बिडी. या आजाराच्या गोळ्यांपैकी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत ते औषध लवकर उडवून लावतं. म्हणून बिडी वाढली तर औषध अपुरं पडतं आणि अचानक सुटली तर रक्तातलं प्रमाण चढतं. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या कानावर घाला.

दर्याकिनारा

आमच्याकडे पहिली दोन वर्षं देवस्कीतच गेली. कुणाला नावं ठेवत नाही, घरच्यांची श्रद्धा होती. पण ती दोन वर्षं उपचार झाले असते तर आज वहिनी बरी असती का, हा प्रश्न मनातून जात नाही.

सुरंगी

दर्याकिनारा, एका माणसाबद्दल असं उत्तर कुणालाच देता येणार नाही. उपचार लांबले तर पुढे बरं होणं जड जातं, हे मात्र मोठ्या संख्येत दिसलंय. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, माझी आजीही घालायची. गोळी मात्र त्याच दिवशी सुरू व्हायला हवी.

काजूबोंड

नवीन औषध येतंय का, जे या स्मरणावरच काम करेल?

सुरंगी

थेट डी-१ ला बेताने जागं करणारं औषध हे गोल्डमन-राकिच यांच्या कामानंतरचं मोठं स्वप्न आहे. अडचण 'बेताने' या शब्दातच आहे, शिवाय बरीच रसायनं शरीरात टिकत नाहीत. २०२४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या औषधांच्या जोडीला मान्यता मिळाली. ती डी-२ ला हात न लावता मस्करिनिक, म्हणजे ॲसिटिलकोलिनच्या, रिसेप्टरवर काम करते, आणि ही वेगळी वाट आहे. पण मान्यता स्किझोफ्रेनियाच्या उपचारासाठी आहे, खास स्मरणासाठी नव्हे. एक सांगायला हवं, दोष एकट्या डोपामिनचा नाही. पेशी एकमेकींना जागं ठेवतात ते ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाच्या जोरावर आणि त्यांना शिस्त लावतात त्या गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या पेशी, या दोन्हींतही बिघाड सापडलेला आहे. म्हणून एका गोळीने सगळं सुटेल अशी आशा मी कुणाला लावणार नाही.

गोळीबाहेरचे दोन उपाय तपासलेले आहेत. एक, स्मरणाचा आणि लक्ष देण्याचा नियमित सराव, ज्याला कॉग्निटिव्ह रिमेडिएशन म्हणतात. फायदा मध्यम, पण खऱ्या कामाशी जोडला तर जास्त टिकतो. दुसरा, दम लागेल असा व्यायाम. रोज किनाऱ्यावर भरभर चालणंही त्यात येतं.

कातळसडा

वाचून घरात सगळ्यांशी बोललो आणि पॅकिंगची रीत बदलली. आता भावाने मोजायचंच नाही. आधी फळं निवडून बारा-बाराचे ढीग गोणपाटावर लावायचे. एका पेटीसमोर पाच ढीग. ढीग संपले की पेटी भरली. कुणी हाक मारली, चहा आला, तरी उरलेले ढीग जागच्या जागी असतात, डोक्यात काही धरायला लागत नाही. काल संध्याकाळी त्याने सलग पेट्या भरल्या आणि एकही रिकामी करावी लागली नाही. डाग बघण्याचं काम पूर्ण त्याच्याकडे दिलंय, कारण त्यात तो आम्हा सगळ्यांपेक्षा सरस आहे. दुकानाला जाताना चिठ्ठी तोच लिहितो, आम्ही लिहून देत नाही.

आईला मात्र अजून पटत नाही. तिला वाटतं, असं सोपं करून दिलं तर डोकं चालवायचंच विसरेल.

मु_पो_गुहागर

त्यांना सांगा, चष्मा लावणाऱ्याला आपण "डोळे चालवायला विसरशील" म्हणत नाही. माझ्या सासूबाईंना असंच पटलं होतं.

पिठीभात

सगळा वाचलंय. माका एकच सांगा. ओरोसाक डॉक्टराकडे जातलंव तेव्हा नेमका काय इचारू? थंय गर्दी असता, दोन मिनटां गावतत.

फार्मसीखिडकी

दोन मिनिटं पुरतात, तयारी घरून हवी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्ण किंवा टॉनिक असेल तर तेही. एका कागदावर घडलेलं लिहा, मत नको. 'आळशी झालाय' असं लिहू नका. 'तीन वस्तू सांगितल्या, दोन आणल्या. मध्ये कुणी बोललं की काम तुटतं. झोप इतके तास. हात थरथरत नाहीत' असं लिहा. मग दोनच प्रश्न : मुख्य गोळीचा डोस सध्याच्या गरजेपुरता आहे का, आणि थरथरीची गोळी अजून लागते का. मधल्या काळात काही अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

पिठीभात

बरा. बुधवारी जातलंव. कागद चुलतभावाकच लिवक सांगतंय, तेका काय होता ता तेकाच म्हायती.